बंद करायची नसते

ऑक्टोबर सरता सरता एकदा चावी फिरवायची
आणि मग एप्रिलपर्यंत तिला हात लावायचा नाही,
आमच्या याकुतियात ड्रायव्हिंग म्हणजे एवढंच.
बाकीचं नदी बघते.
लेना गोठली की तीच रस्ता होते.

एर्चिमेनला हेलिकॉप्टरने शहरात नेलं
तेव्हा त्याची गाडी माझ्या दुकानासमोर उभी होती,
इंजिन चालू.
पाव घ्यायला उतरला होता, छातीला हात लावून खाली बसला.
पाव काउंटरवर राहिला.
पारा उणे बावन्न.

या थंडीत बंद पडलेली गाडी म्हणजे नुसतं लोखंड.
ऑइल काकवीसारखं दाटतं,
मग काकवीसारखंही राहत नाही.
बॅटरीतला जीव निम्म्याहून खाली उतरतो
आणि पेट्रोल, ज्याची वाफ व्हायची,
ते प्लगवर ओलंच बसून राहतं
उंबऱ्यावर रुसून बसलेल्या पाहुण्यासारखं.
चावी फिरवावी तर एकदाच: च्यक्.
आपण नाही म्हणताना जिभेने करतो ना,
अगदी तसंच.

पहिल्या रात्री मी माझ्याच कॅनमधलं दहा लिटर ओतलं.
म्हटलं, सकाळी त्याचा भाऊ येईल.
भाऊ आला नाही,
पण काटा मी पाहिला होता त्याच्या वर होता.

कोण ओततंय, कुणी विचारलं नाही.
बॉनेटवर कुणीतरी नमदा टाकून गेलं,
घोड्याच्या पाठीवरचा, अजून वासाचा.
टायर चौकोनी होऊ नयेत म्हणून
शाळेतून येताना आयसेन
गाडी दोन हात पुढे घ्यायचा, दोन हात मागे.
तेरा वर्षांचा पोरगा,
चेहऱ्यावर भाव असा की मॉस्कोला निघालाय.
मी खिडकीच्या बर्फात नखाने भोक पाडून बघायचे.
धुराचं एक पांढरं झाड दारात उगवलेलं,
वारा नाही, त्यामुळे सरळ.

सहाव्या दिवशी फोन आला.
संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं.
रात्री टाकीचं झाकण वाजलं,
नेहमीसारखं.

मेलेल्या माणसाचे कपडे कसे द्यायचे, त्याची रीत आहे.
घोडा कुणाकडे जायचा, तेही ठरलेलं असतं.
चालू गाडीचं काय करायचं
हे म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.
दिवसाला पंचवीस लिटर.
पेट्रोलचा भाव मीच लिहिते पाटीवर,
मला विचारा.

गावात ऊबदार गॅरेज एकच, स्तेपानचं,
त्यात जागाही एकाच गाडीची.
आणि स्तेपान एर्चिमेनशी अकरा वर्षं बोलला नव्हता,
एका घोडीवरून. की घोडीच्या शिंगरावरून.
आता दोघांपैकी ज्याला नीट आठवत असेल
तोही सांगायचा नाही.

नवव्या दिवशी सकाळी
स्तेपानने स्वतःची गाडी बाहेर काढली,
कुंपणाला लावली,
आणि बंद केली.
आम्ही सगळे बघत होतो. कुणी काही म्हटलं नाही.
मग चालत माझ्या दुकानापर्यंत आला,
मिशीवर बर्फ,
एर्चिमेनच्या सीटवर बसला, सीट मागे सरकवली नाही,
गुडघे स्टिअरिंगला लागत असतानाच
ती घेऊन गेला.
गॅरेजचं दार लागलं.
आतून आवाज थांबल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं.

त्या रात्री दोनला मला जाग आली.
कसला आवाज झाला म्हणून कान दिला,
तर काहीच नव्हतं.

जूनमध्ये त्याची मुलगी आली, कुन्नेय.
ऊन चौतीस अंश, डास, धूळ.
तिने चावी लावली आणि पहिल्याच फिरवणीला
गाडी अशी सुरू झाली
जणू मधे हिवाळा झालाच नाही.
सीट मात्र तिला जवळ घ्यावी लागली.

कुंपणापाशी स्तेपान बॉनेट उघडून वाकलेला होता.
बॅटरी कडेने फुटलेली. नवी आणून बसवली होती,
शेजारच्या वायरी पुसत होता, पुन्हा पुन्हा पुसत होता.
मी विचारलं, होतेय का?
त्याने माझ्याकडे न बघता
जिभेने केलं: च्यक्.