पासंग

अकरा उमेदवार, जागा एक. चौथीचा वर्ग.
चिलोए बेटावर फेब्रुवारीतही शेगडी पेटवावी लागते.
तिच्याभोवती आम्ही तिघं:
मुख्याध्यापक कार्कामो, पालकांतर्फे सोनिया,
आणि निवृत्त झालेली मी, पेन्सिलीला टोक काढत.
आमच्याकडे गुण एक ते सात असतात.
चार म्हणजे पास.
सात म्हणजे जवळजवळ देव.

सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, असं ठरलं होतं:
मूल फळ्यापाशी उभं आहे आणि बोलत नाही.
तुम्ही काय कराल?

पहिली कोन्स्तान्सा एचेव्हेरिया,
सान्तियागोहून विमानाने आलेली.
"मी थांबेन," लगेच म्हणाली, हसून,
"वेळ घेणं हा त्या मुलाचा हक्क आहे."
मी लिहिलं: सहा. शेजारी: विचारी.

मग माणसं येत गेली.
एकाने गाणंच म्हणून दाखवलं.
एकाच्या बुटांना चिखल होता,
सारखे पाय खुर्चीखाली ओढत होता बिचारा,
आणि मी त्याच्या उत्तराऐवजी बुटांकडेच बघत राहिले.
दुपारी सोनियाने घरची मिल्काओ आणली,
बटाट्याची, चरबीत तळलेली, गरम.
जेवणानंतरच्या दोघांना
मी पाचाच्या खाली उतरवलंच नाही.
पोट भरलं की हात सैल होतो.

नववी एदिता नावेल्किन, केउई बेटावरची.
धुक्यात लाँच अडकली, चाळीस मिनिटं उशीर.
कोटाच्या बाहीवर वाळलेलं मीठ.
प्रश्न ऐकून खिडकीकडे बघत राहिली.
शेगडीत लाकूड तडकलं.
कार्कामोने घड्याळ पाहिलं.
मग म्हणाली, "थांबेन."
तेवढंच.
मी लिहिलं: चार. शेजारी: मंद.

रात्री स्वयंपाकघरात बेरजा तपासायला बसले.
बेरजा सगळ्या बरोबर होत्या.
दोन कागद मात्र शेजारीशेजारी आले.
थांबेन, सहा.
थांबेन, चार.
अक्षर माझंच.
आणि दोघींपैकी
थांबून दाखवलं होतं एकीनेच.

माझी आई बाजारात बटाटे विकायची.
तिच्या तागडीचं एक पारडं मुळातच झुकतं होतं,
तेही तिच्या फायद्याच्या बाजूला.
रोज पहाटे ती रिकामी तागडी उचलून बघायची,
हलक्या पारड्याला एक खडा बांधायची.
दोरी बदलली की खडाही बदलायचा.
"तागडीवर चिडू नये," म्हणायची,
"आधी रिकामी धरून बघावी."
पस्तीस वर्षं मी पेन्सिल धरली.
रिकामी कधी धरलीच नाही.

एकोणनव्वद साली एका इन्स्पेक्टरने मला सात दिले होते.
वर्गात मागच्या बाकावर बसला होता,
हातात मीच दिलेला ताजा पाव.
ते सात अजून भिंतीवर आहेत, फ्रेममध्ये.
काल रात्री पहिल्यांदाच त्यांना पावाचा वास आला.

मग नावांवर पट्टी ठेवली,
कागद उलट्या क्रमाने लावले.
आधी सगळ्यांचं पहिलं उत्तर, मग सगळ्यांचं दुसरं.
कुठल्या उत्तराला किती, ते आधीच लिहून समोर टाचलं.
उजाडेपर्यंत सात जणांचे गुण हलले,
काही वर, काही खाली.
गाणं म्हणणारा होता तिथेच राहिला.

सकाळी कार्कामो म्हणाले, "दशांशांनी काय होणार आहे?"
सोनियाने काही न बोलता
माझ्याकडून खोडरबर मागून घेतलं.

एदिता सहावी होती, दुसरी आली.
जागा एकच.
कोन्स्तान्साने अपूर्णांक खरंच सुरेख शिकवले होते,
सफरचंद न कापता, नुसत्या सावल्यांनी.
ते मी कसं नाकारू?

नकाराचं पत्र मीच लिहायला घेतलं.
"दुसरा क्रमांक" लिहिलं, आणि पुढे बराच वेळ काही सुचेना.
केउईची लाँच दहाला सुटते.
तिच्या कागदावरचा "मंद" मी खोडला आहे.
पण पेन्सिल दाबून लिहिलं होतं;
बोट फिरवलं
की अजून लागतो.