एकशे बासष्ट पायऱ्या

वाल्पाराइसोत लिफ्ट म्हणजे
टेकडीच्या अंगावरून सरपटणारा लाकडी डबा.
त्याच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं मी तिकिटं फाडली.
बसूनच.
शहर वर गेलं, खाली आलं,
नवरी वर गेली, शवपेटी खाली आली,
एकदा एक पियानो आला आणि त्याचं तिकीट किती
यावर तासभर भांडण.
माझे गुडघे मात्र टेबलाखाली,
ठेवणीतल्या चादरीसारखे घडी घातलेले.

आता डबा दुरुस्तीसाठी बंद. तिसरं वर्ष.
दारावरच्या पाटीवर 'लवकरच'.
ती पाटीच आता दुरुस्तीला आलीय.
आणि पावाच्या दुकानापासून माझ्या दारापर्यंत
एकशे बासष्ट पायऱ्या,
त्यातल्या अकरा फुटक्या.

दवाखान्यातला नाहुएल सव्वीस वर्षांचा,
चिलोए बेटावरचा. हात बटाटे उकरणाऱ्याचे,
आवाज कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्याचा.
एक्स-रे उजेडात धरून म्हणाला,
"हाडांमधली गादी झिजलीय, सेन्योरा एदुविहिस."
म्हटलं, पलंगावरचीही झिजलीय. एकात दोन बदलून मिळतील?
"बदलायला नको. भोवतीचे स्नायू भक्कम करू.
भिंत धरली की छप्पर राहतं."
मला वाटलं, आता हा सिमेंट मागवणार.
त्याने काढली एक पिवळी रबरी पट्टी.

पाय सरळ. पाच मोजा. सोडा. हळू सोडा.
पाच किती लांब असतात
हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.
पहिल्या आठवड्यात घातलेल्या शिव्या
मी अजून कबुलीत सांगितलेल्या नाहीत.
"दुखणं दहापैकी किती?" तो विचारी.
मी सात म्हणे. साडेसात असे,
पण पोरगं सकाळपासून उभं होतं.

अक्कल गुडघ्यात असलेल्यांची मी आयुष्यभर टिंगल केली.
आता समुद्रावरून धुकं येणार
हे रेडिओच्या आधी माझ्या डाव्या गुडघ्याला कळतं,
आणि मला मुकाट्याने त्याचं ऐकावं लागतं.

शेजारच्या खुर्चीत दोन नोल्बेर्तो, बंदरातला जुना हमाल.
खुब्यात धातू, ऐंशीला टेकलेला,
तरी गुडघ्याला बाशिंग.
"हिरव्या पट्टीवर पोचलो की आपण दोघं नाचायचं," म्हणाला,
आणि खिशातला रुमाल काढून हवेत फिरवला.
मी लाल पट्टीवर गेले त्या जुलैत
लेक येऊन त्याला उत्तरेला घेऊन गेली.
तिथे म्हणे गाडी थेट दाराशी येते.
त्याची पट्टी खुंटीवरच राहिली.
नाहुएलने ती दुसऱ्या कुणाला दिली नाही,
मीही विचारलं नाही.

चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
एवढंच शिकायला चार महिने लागले,
कारण पाय विसरतात
आणि कठडा गंजलेला आहे.

दुखणं गेलं नाही. लिहून ठेवा.
चौऱ्याण्णवाव्या पायरीवर ते माझ्याआधी पोचून बसलेलं असतं,
मांजराशेजारी.
आज चार म्हटलं मी त्याला. चार, फार तर साडेचार.
तांदळाची गरम पुरचुंडी रात्री, सकाळी टाचा,
रविवारी सुट्टी नाही,
देव सुट्टी घेतो, गुडघे घेत नाहीत.

येताना बंद डब्याच्या खिडकीशी थांबले.
काच पुसली.
आत माझी खुर्ची,
उशीत माझाच खळगा, अजून.
पिशवीतला पाव गार होत होता.
मी दोन्ही तळवे काचेवर टेकले
आणि टाचा उचलल्या.
एक.
दोन.
खालून कुणी तरी ओरडलं, "सुरू झाली का लिफ्ट?"
तीन.