साडेसातशे मिली

पहाटे साडेचारला चोपडा अजून पालथं झोपलेलं,
बसस्टँडवरचा चहावाला तेवढा स्टोव्हशी भांडतोय.
सायकल माझी नाही. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला गेला
तेव्हा ती माळ्यावर गेली होती.
मुश्ताकभाईंनी चेन उकळत्या रॉकेलात धुऊन काढली, म्हणाले,
"गिअर सात आहेत ताई, चालतात पाच.
नाशिकला पाच पुष्कळ झाले."

हिरालाल सरांचा नियम एकच:
तहान लागायच्या आधी प्यायचं.
तहान लागली म्हणजे उशीर झाला.
सर माझ्यामागे स्कूटरवर, गळ्यात शाळेतली शिट्टी,
दर पंधरा मिनिटांनी एकदा वाजते.
लागो न लागो, दोन घोट.

अनेरच्या पुलाकडे जाताना दोन्ही बाजूंना केळी,
निळ्या पिशव्यांत घड झाकलेले.
कुणीतरी अंधारातच ठिबकचा कॉक फिरवलेला असतो,
नळ्या बारीक आवाजात पीत असतात.
गव्हाच्या पोत्यावर बसलेली एक म्हातारी रोज विचारते,
"इतली सकायमां कथा चालनी व माय?"
"नाशिकले. अजून महिना शे."
"सायकलवर? यष्टी बंद शे का?"

यष्टी बंद नाही. यष्टी चालू आहे,
तिच्यातच बसून आमचे अकरा जण
आठवड्यातून दोनदा जळगावला जातात,
चार तास रक्त धुऊन
उभ्यानं परत येतात.
कारण आमच्याकडे मशिनं चार, त्यातलं एक
दिवाळीपासून चादर पांघरून बसलंय.

माझी ड्यूटी नऊची. मार्चचे नऊ.
डांबर तोवर चाकाला चिकटून बोलायला लागतं.
मी अंघोळ करते, एप्रन घालते,
आणि झिपरू तात्यांना काट्यावर उभं करते.
दोन किलो सहाशे जास्त.
"तात्या, चोरून प्यालात."
"कलिंगडनी फोड. एकच."
मग स्वतःशीच: "बरं, दोन."

त्यांच्या बाटलीवर सुनेनं लाल नेलपॉलिशनं रेघ मारलीय,
साडेसातशे मिली,
सूर्य उगवल्यापासून सूर्य उगवेपर्यंत,
त्यात चहा, त्यात वरणाचं पाणी, त्यात गोळ्या.
भुसावळच्या यार्डात हयात गेली त्यांची,
उन्हात लोखंड मोजत. माठ रिकामा करायचे म्हणे एकटे.

सुई टोचली की विचारतात,
"आज कितला झाया?"
"बेचाळीस."
औषधाच्या खोक्याच्या पाठीवर लिहितात:
४२ गुणिले २. चौऱ्यांशी.
पेन्शन आली की देणार, नव्या मशीनला.
मग, पंप फिरायला लागल्यावर, खिडकीकडे बघत:
"पानी कितलं पिनी?"

"एक बाटली," मी म्हणते.
साडेतीन. आणि एक डोक्यावर ओतली होती,
अर्धी तर रस्त्यावरच सांडली.

गेल्या शुक्रवारी ते हसले.
माझ्या कानामागे मिठाची पांढरी रेघ राहिली होती,
घाईत धुतली गेली नव्हती.
"खोटं नको बोलू. माले सांग, कसं लागनं?"

तीन नंबरचा अलार्म वाजत होता, मी तो बंद केला,
स्टूल ओढलं.
सांगितलं: अडावदच्या अलीकडे एका शेतात मोटार चालू होती.
पाइपाला तोंड लावलं नाही, ओंजळ धरली.
पहिलं पाणी कोमट, रात्रभर पाइपात राहिलेलं,
रबराचा वास.
मग आलं ते खालचं.
दात दुखले तात्या, इतकं गार.
लोखंडाची चव होती थोडी.
"लोखंडनी," ते म्हणाले. डोळे मिटले.

त्यांचा कंठ वर गेला, खाली आला.

नोंदवहीत एक रकाना असतो: किती घेतलं.
मी तिथे काही लिहिलं नाही.

आज पुन्हा अंधार, पुन्हा अनेर.
सरांची शिट्टी वाजते, मी बाटली काढते.
तहान नाहीये अजून.
पिते.