सावल्या बंद

गुरुवारच्या बाजारात विकणारा म्हणाला होता,
सगळे गेम चालतात यावर.
खोटं नाही बोलला.
चालतात. धावतात असं
तो कुठे म्हणाला होता.

ग्राफिक्सची वेगळी चूल नाही या लॅपटॉपात.
प्रोसेसरच्याच ताटात जेवतं ते,
त्याच्याच आठ जीबीतला घास मागून,
आणि आधी कुणाला वाढायचं हे ठरेपर्यंत
माझा घोडा हवेत अडकतो,
चारही पाय वर.
आमच्या घरात तरी काय. टेबल एक.
अर्ध्यावर मी, अर्ध्यावर आई,
पहाटे विकायच्या गरम आपीसाठी
जांभळा मका निवडत.
तिची परात सरकली की माझा माउस भिंतीला लागतो.

एल आल्तो. चार हजार मीटर.
पंखा घरघरतो, पण इथल्या हवेतच दम नाही,
ओढून ओढून किती ओढणार.
म्हणून कोपऱ्यांखाली बाटल्यांची चार बुचं,
म्हणून जुलैच्या रात्री खिडकी बोटभर उघडी
आणि आईच्या खांद्यावर दोन शाली.
"तुझ्या यंत्राला वारा, मला खोकला," म्हणते.
उठून खिडकी लावत मात्र नाही.

दिवसभर मिनीबसच्या दारात लटकून
पेरेस, प्रादो, एक जागा, एकच जागा, ओरडतो मी.
रात्री घसा बसलेला असतो, बोटं नाही.
आधी सेटिंग.
गवत बंद. पाण्यातलं प्रतिबिंब बंद.
सावल्या बंद.
लांबचं सगळं धुक्यात.
सातशेवीसच्याही खाली उतरतो,
जिथे माणसांना नाकं उरत नाहीत,
तेव्हा कुठे चोवीस फ्रेम, कधी सव्वीस,
आणि घोडा पाय टेकतो.

असा आठ महिने फिरलो त्या राज्यात.
बोडक्या टेकड्या बोडक्याच आवडायला लागल्या.
धक्क्यावरची नावाडीण
येता-जाता भेटायची. ती दोर द्यायची,
मी तीन नाणी. दोन वाक्यं. झालं.

सहा ऑगस्टच्या सुट्टीत केबल कारनं खाली उतरलो,
मावसभावाकडे, ग्रोव्हरकडे.
त्याचं कार्ड वेगळं, तीन पंख्यांचं,
काचेच्या पेटीत देव्हाऱ्यासारखं उजळलेलं.
तोच धक्का. घोट्याएवढं गवत,
पाण्यात सगळं आभाळ.
आणि नावाडीण रडत होती.

तीच दोन वाक्यं. तोच दोर.
पण गालावरून ओघळ,
हनुवटीशी अडलेला एक थेंब.
"काय झालं हिला?"
"कुठे काय, बेयमार. पहिल्यापासून अशीच आहे ती,"
म्हणून ग्रोव्हरनं नाणी टाकली
आणि पलीकडे गेला.

घरी आल्यावर बाकी सगळं बंदच ठेवलं,
फक्त चेहरे तेवढे 'उच्च'वर नेले.
नऊ फ्रेम. पंखा किंचाळला.
लॅपटॉपचं बूड तव्यासारखं.
नाक आलं. पापण्याही आल्या.
थेंब नाही आला;
त्याला बहुतेक उजेड लागतो,
तो मी बाजाराच्या दिवशीच
कमी पैशात सोडून आलो होतो.

तरी उभा राहिलो तिच्यासमोर,
नाणी न देता.
तीही उभी, दोर पुढे धरून,
झटक्या-झटक्यानं श्वास घेत.

आईनं परातीतून मान वर केली.
"कोण रे ही?"
"नावाडीण."
"केव्हाची उभी आहे. बस म्हणावं तिला."

कीबोर्डभर बोटं फिरवली मी.
बसायचं बटण माझ्यासाठी आहे,
घोड्यासाठीसुद्धा आहे.
तिच्यासाठी नाही.