अर्धा मिलिमीटर

रेतीवरून होडी ओढताना
तळाखालचे ओंडके कुरकुरतात ना,
तसा सुरू व्हायचा.
मग चढायचा, कौलांपर्यंत.
शेजारची सुलू म्हणायची, तुमच्याकडे चोर यायचा नाही.

आवाजाची भीती मला कधीच नव्हती.
भीती, तो थांबायचा त्याची.
होडी अर्ध्यात रुतावी तशी छाती वरच राहायची
आणि मी अंधारात मोजत बसायची.
पंधराला कोपर मारायचं, हे माझं ठरलेलं.
एकदा मोजता मोजता माझाच डोळा लागला.
कितीवर जागी झाले, ठाऊक नाही.
त्यानंतर भिंतीकडे तोंड करून मी झोपले नाही.

तो दचकून उठायचा, घामाघूम:
"काय गो? मेलंय काय मी?"
आणि लगेच परत तिकडेच जायचा.

दिवसा घास हातात धरून पेंगायचा.
गाव म्हणाला, पितो.
लवू तारी शिमग्यालासुद्धा प्यायला नाही कधी.
पण नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात
भर उजेडात, ताटात पाणी असावं तशा समुद्रात,
सुकाणू हातात असताना
त्याने होडी निवतीच्या खडपावर घातली.
फळी फुटली. पास्कूचा अंगठा गेला.
पास्कू अजून म्हणतो, खडपच मधी इला.

कुडाळहून छातीला लावायच्या वायरी आणल्या एका रात्रीपुरत्या.
कागदावर आलं: तासाला सव्वीस वेळा.
मी म्हटलं, अठ्ठावीस.
वालावलकर डॉक्टरीण हसली नाही,
तिने माझा आकडाही बाजूला लिहून घेतला.

आधी मशीन दिलं. नळी, मुखवटा, हवा.
"नाकात भरती इल्यासारी वाटता," म्हणाला.
नऊ रात्री काढल्या. दहाव्या रात्री वीज गेली
ती तिसऱ्या दिवशी आली.
आणि होडीवर, खाऱ्या वाऱ्यात, प्लग कुठे शोधायचा?
मशीन कपाटावर. त्याच्यावर आता पापडांचा डबा.

मग दातांचा डॉक्टर.
गुलाबी लगदा तोंडात भरून लवू पाच मिनिटं गप्प बसला,
लग्नातही इतका बसला नव्हता.
डॉक्टर म्हणाला, झोपेत जीभ मागे पडते, दार लावते.
ही पट्टी खालचा जबडा पुढे धरून ठेवते, एवढंच.
मशीनइतकी नाही. सगळ्यांना लागू पडते असंही नाही.
पण कपाटावरच्या मशीनपेक्षा तोंडातली पट्टी बरी.
पैसे सांगितले तेव्हा लवूने मनात जाळी मोजली. मला दिसलं.

पहिल्या रात्री उशी लाळेने भिजली.
सकाळी दात दातांवर बसेनात,
नऊ वाजेपर्यंत आंबोळी चहात बुडवून खाल्ली.
"स" म्हणायला गेला की शीळ वाजायची.
नातू दिवसभर त्याला "सुरमई" म्हणायला लावत होता.

होडीवरून पास्कूचा फोन:
"वैनी, तांडेल काल घोरूक नाय.
आमी चौघांनी रातभर
आळीपाळीन जावन बघला."

पट्टीला बारीक स्क्रू आहे, आणि एक चावी,
दागिन्यांच्या डबीची असावी एवढी.
दर रविवारी एक फेरा. अर्धा मिलिमीटर.
त्याच्या जाड बोटांना ती चावी सापडत नाही,
म्हणून तो पट्टी माझ्या हातात देतो
आणि खिडकीत जाऊन उभा राहतो,
काही आपल्या संबंधातलं नाही असा.
मी चष्मा लावते. फिरवते.
नवऱ्याचा जबडा मी स्वतः, पाच रविवार,
थोडा थोडा पुढे सरकवला.
सहाव्या रविवारी त्याचा सांधा दुखला, तेव्हा थांबले.

पुन्हा वायरी आणल्या. तासाला सात.
डॉक्टरीण म्हणाली, छान आहे, पण सहा महिन्यांनी परत या.
लवू बसस्टँडवर उसाचा रस प्यायला, दोन ग्लास.

सात म्हणजे काही नाही, सगळे म्हणतात.
मी दोन वाजता उठतेच.
त्याचं तोंड किंचित पुढे आलेलं असतं,
कुणाला तरी उलट उत्तर देत असल्यासारखं.
ऐकते. एक जातो. एक येतो.
बाहेर कुणाची तरी होडी ओंडक्यांवरून खाली चाललेली,
कुरकुर ऐकली की अजून माझं कोपर हलतं.