साखळ्यांची फुली

मोंटाना, पहाटेचे चार. काट्यावर ट्रेलर,
त्यावर दुसऱ्याच कुणाचा पिवळा एक्स्कॅव्हेटर.
इन्स्पेक्टर बॅटरी मारतो सिग्नेच्या लायसन्सवर:
अवजड वर्ग, शाई नवी.
मेडिकल कार्ड. टायर. मग गुडघ्यावर बसून
दांड्याखाली बघतो.

साखळ्या फुली मारून अडकवलेल्या.
हुक निसटलाच तर दांडा झोळीत पडावा,
रस्त्यात रुतू नये.
बाजूने ती बारीक तार:
ट्रेलर सुटला की खुंटी उपसते
आणि तो आपला आपण थांबतो.

"जा."

शेजारच्या सीटवर बाप, ऑर्विल. एकतीस वर्षं चालवून
गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या तपासणीत अडकला.
"तार बघितली त्याने?"
"बघितली."
पुढे बोलत नाही.

उतार लागतो.
त्याचा उजवा बूट रबरी मॅटवर
दाबत जातो,
जिथे पेडल नाही.