दुसरा डबा

बर्नलीत आमच्या गल्लीत मंगळवारी कचऱ्याची गाडी येते.
सातच्या आत डबे फुटपाथला लागले पाहिजेत,
नाहीतर पंधरा दिवस घरात वास.

क्लिफर्ड हॉवर्थचा मणका गेलाय,
गोदामात सोफ्याचा खोका उतरवताना.
ज्या दिवशी पाय साथ देतात
त्या दिवशी तो भिंत धरत धरत डबा ओढत नेतो.
बाकीचे दिवस त्याच्या खिडकीचा पडदा उघडत नाही.
ते दिवस कोणी मोजत नाही.

पोस्टाच्या रांगेत मॉरीन म्हणाली,
"अवर मनी. सरकारी भत्त्यावर जगतो
आणि डबे बघ कसा ओढतो,
एक नाही, दोन!"
तिच्या भाषेत आमचे आणि आपले यांना एकच शब्द.
मी त्याचा अर्थ 'आपले' असा घेतला.
सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी मला त्यात धरलं होतं.
मी मान हलवली. हसलेही, बहुतेक.
वर म्हणाले, "आम्ही तर रात्रपाळी करतो."

फोन कोणी केला माहीत नाही.
मॉरीननेच केला असेल असंही नाही.
एक फोटो होता, पडद्याआडून काढलेला:
झुंजूमुंजू उजेड, वाकलेला माणूस,
दोन्ही हातांत एकेक डबा.
आधी त्याचे पैसे थांबले. मग मीटरमधला गॅस.

काल तो दारात आला.
आत ये म्हटलं तर नको म्हणाला,
आमच्या दाराची एक पायरी त्याला जड होती.
खिशातून फोटोची प्रत काढली.
दुसऱ्या डब्यावर पांढऱ्या रंगात सतरा.
साताचं शेपूट ओघळलेलं,
धाकट्याच्या शाळेच्या ब्रशने मीच काढलेला.
"पाळीहून येऊन तू झोपलेली असतेस, म्हणून..."
पुढे बोलला नाही.
लिहून देशील का, एवढंच.

नवरा म्हणतो, आपण कशाला पडायचं त्यात,
आपले कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहेत.
त्याचं 'आपण' दोन खोल्यांत मावतं.

कागद घेऊन बसलेय. इंग्रजी वाकडंतिकडं.
मी पाहिलं, असं लिहिता येत नाही.
पाहिलं नाही मी.
मी झोपले होते.
डबा माझा होता.